कोपऱ्यातली न बांधलेली खोली

भूत, आत्मा वगैरे मी कधीच मानलं नाही. आम्ही बौद्ध, घरात प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ विचारत वाढलेलो. तरीही हे लिहितेय... कारण मनातून जात नाही.

मी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्स भागात राहते. माझा नवरा सुमेध इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होता. विदर्भात त्याच्या गावाबाहेर एका मध्ययुगीन बौद्ध विहाराचे अवशेष आहेत – मधे चौक, भोवती भिक्खूंच्या खोल्या. आता गुडघाभर विटांच्या भिंती उरल्यात, त्यात शेळ्या चरतात. भिक्खू तिथून का गेले, कुणालाच नक्की ठाऊक नाही. सुमेध तो विहार कॉम्प्युटरवर पुन्हा उभा करत होता. व्हीआर हेडसेट डोळ्यांवर लावला की आत फिरता यायचं.

मागच्या हिवाळ्यात त्याला मेंदूत रक्तस्राव झाला. चार दिवसांत गेला. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, व्हिसा उशिरा आला. त्या पोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं.

सुमेधच्या लॅबमधल्या डॅनियलने आम्हाला एका दुपारी बोलावलं, त्याचं काम आईंना दाखवायला. हेडसेट लावल्यावर आई बावरल्या, मग हळूहळू चालू लागल्या. समोरच्या स्क्रीनवर त्यांना दिसणारा चौक आम्हालाही दिसत होता. एका कोपऱ्यापाशी येऊन त्या वाकल्या, जणू बुटक्या दारातून आत जातायत, आणि कार्पेटवर मांडी घालून बसल्या. स्क्रीनवर नुसता राखाडी रंग.

“त्या कोपऱ्यात काहीच नाहीये,” डॅनियल मला इंग्लिशमध्ये म्हणाला. “ती खोली त्याने बांधलीच नव्हती.”

आई मात्र कुणाशी तरी बोलत होत्या. “किती बारीक झाला रे...” मग मान डोलवत नुसतं ऐकत राहिल्या.

हेडसेट काढला तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते. आल्यापासून पहिल्यांदाच.

“माहा पोरगा भेटला,” त्या म्हणाल्या. “तू जेवते का नाही, इचारत होता.”

“आई, तिथे काही नव्हतं हो.”

त्यांनी माझा हात धरला. “तू त्याच्या कानात म्हणाली ना, जा आता, माह्यासाठी थांबू नको... ते आलं म्हणे त्याले ऐकू.”

आयसीयूत मी हे पुटपुटले तेव्हा खोलीत फक्त आम्ही दोघं होतो, आणि तो बेशुद्ध होता. मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आईंना तर नाहीच.

आई गावी परतल्या, शांत मनाने. त्यानंतर मी कितीदा तरी लॅबमध्ये जाऊन त्या कोपऱ्यात बसलेय. राखाडीशिवाय काही दिसत नाही.

मायलेकरांची भेट झाली, बरं झालं. पण मी इथेच होते ना रे, सुमेध... रोज.