वहिनीच्या वालांच्या गाठी

वहिनीच्या वालांना रोग नव्हता, हे ती ते उपटत असतानाच मला ठाऊक होतं. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची वाडी रत्नागिरीपासून आत, सड्याच्या, म्हणजे उंचावरच्या कातळमाळाच्या, पायथ्याशी. थोरला चुलतभाऊ मुंबईला नोकरीला, वहिनी गावी राहून त्यांच्या वाट्याची मळी, म्हणजे सखल भातजमीन, कसायची. भावाने बजावलं होतं, यंदा शेतीत काही दिसलं नाही तर गाशा गुंडाळून मुंबईला ये. तिला जायचं नव्हतं. सगळी भिस्त वालांवर.

शेतकी अधिकाऱ्याने आम्हा दोघांत जिवाणूंचं एक पाकीट दिलं. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं. वहिनीने काळ्या भुकटीतली अर्धी मला काढून दिली. भात कापल्यावर मधल्या बांधाच्या दोन्ही बाजूंच्या आपापल्या मळ्यांत दोघांनी वाल पेरले. मी पहिल्यांदाच. तिचे हिरवेगार, माझे पिवळे.

माझ्या मनाने घेतलं, हिने खरी भुकटी ठेवून मला चुलीतली काजळी दिली. ती कुणाशी बोलताना दिसली तरी वाटे, माझ्यावरच चाललंय. एकदा ती नसताना तिचं रोप उपटून पाहिलं. मुळं गाठींनी लगडलेली. हा रोगच, मी ठरवलं.

विहिरीवर तिला गाठलं. "वहिनी, तुझ्या वालांना रोग आहे. बांध ओलांडून माझ्यात येईल."

"काय ओ भावोजी, माझ्या हिरव्यांना रोग, मग तुमच्या पिवळ्यांना काय, कावीळ?"

पाणी भरणाऱ्या बाया खो खो हसल्या. ते मला झोंबलं. मग ते रोप घेऊन मी घरोघर फिरलो. इतक्या गाठी कुणी पाहिल्या नव्हत्या. वाडीने वहिनीला सांगितलं, उपटून टाक.

ती उपटायला बसली त्या सकाळी मी अधिकाऱ्याकडे गेलो, माझंच खरं करून घ्यायला. त्याने नखाने गाठ फोडली. आत गुलाबी.

"हे जिवाणूंचं घर. मुळं मातीत गोडसर रस पाझरतात, त्यावर हे जगतात, आणि झाडाला नत्र पुरवतात. त्या बाई दरसाल वाल घेतात ना? म्हणून तिथे ते तगून राहिलेत. तुमची मळी भातानंतर उघडी, त्यांनी खायचं काय? आणि चोळलेलं बियाणं सुकवलंत कुठे?"

"खळ्यात. उन्हात."

"मग पाकिटातलेही मेले. सावलीत सुकवायचं असतं."

परतलो तेव्हा अर्धी मळी अजून उभी होती. उपटलेले वाल तिने राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, एका कडेला रचले होते. तिने मान वर केली.

"काय म्हणाले साहेब?"

"भेटलेच नाहीत," मी म्हणालो.

ती पुन्हा खाली वाकली.

शिमगा झाल्यावर ती मुंबईला गेली. तेव्हापासून तिची मळी मी कसतो. वाल उत्तम येतात. गणपतीला आली की मी तिला थोडे बांधून देतो. ती पदरात घेते, आणि तिला कळलंय की काय, या संशयाने मी तिच्याकडे बघायचं टाळतो.

मळी तिची तिला परत द्यायची आहे. आणि साहेब भेटले होते, हे तिला सांगायचं आहे.