मतिल्डाच्या नावाच्या काड्या

विहिरीवर चार बायका जमल्या की किस्से साठतातच. शहाण्या बायका त्यातले हसण्यासारखे तेवढे घरी नेतात. मी बी.ए. झालेली, मला एवढं गाळता येत नाही. भुईगावात केबल टीव्ही आला त्या वर्षीच्या नाताळाचे सगळेच घरी आणले.

आमच्या वाडीत नाताळाआधी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारतात आणि त्यातली गव्हाण रिकामी ठेवतात. कोणी चांगलं काम केलं की तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. जितक्या काड्या, तितकी बाळ येशूला ऊब, असं माझ्या सासूबाई सांगत. त्या वर्षी सगळ्यांना चांगलं काम एकाच दारात सापडलं. शेजारची मतिल्डा. तिचं तान्हं बाळ पावसाळ्यात झोपेतच गेलं, तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती.

*

पहिल्याच दिवशी पोरांनी तिचं अंगण झाडलं. वेगवेगळ्या पोरांनी, तीनदा. तिसऱ्या वेळी ती खिडकीतून म्हणाली, "आता माती तरी ठेवा रे."

*

रोझी मावशी पेज घेऊन गेली. तिच्याआधी दोघी पेजच देऊन आल्या होत्या.

"मावशी, मी आजारी नाही," मतिल्डा म्हणाली. "माझं बाळ गेलंय."

मावशीने परत येऊन काडी टाकली. मग जरा विचार करून अर्धी मोडून काढून घेतली.

*

इनास काका समजूत घालायला गेले. "देवाला कळ्या आवडतात, बाय, म्हणून खुडतो."

"काका, लहानपणी तुमच्या बागेतली एक कळी मी खुडली, तर काठी घेऊन मागे धावला होतात."

काकांनी काडी टाकलीच नाही.

*

मी गेले नाही. माझा एल्विन तेव्हा तिच्या बाळाएवढाच. त्याला घेऊन तिच्यासमोर जाणं बरं नाही, असं मी सांगायचे. खरं म्हणजे तिची दृष्ट लागेल अशी मला भीती वाटत होती. बी.ए.ला विषय मानसशास्त्र!

"तुझी काडी?" सासूबाईंनी विचारलं.

"मी तिला त्रास देत नाही, हेच माझं चांगलं काम."

"मग टाक की."

माझा हात उठला नाही.

*

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी घरची सगळी गोठा सजवायला गेली. एल्विनला स्वेटर, टोपरं, मोजे, वर शाल असं गुंडाळून मी बसले होते. तो रडत होता. बघते तर दारात मतिल्डा.

"सगळी येऊन गेली. तू तेवढी नाही."

मी एल्विनला आणखी जवळ ओढलं.

"बरं केलंस. दे इकडे."

मी दिला. तिने शाल सोडली, टोपरं काढलं, स्वेटरची बटणं उघडली.

"किती गुंडाळलंयस, बाय. श्वास घेऊ दे त्याला."

तो निजला. तिने त्याच्या छातीवर तळहात ठेवला, आणि नाताळाच्या प्रार्थनेची देवळातली घंटा झाली तरी उचलला नाही.