मायचं चालणं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. दोन-तीनदा सांगायचं ठरवून तिच्याकडे गेले आणि तिच्या नव्या कुकरबद्दल बोलून परत आले. म्हणून लिहून पाहते आहे. लिहिताना समोरच्याचा चेहरा दिसत नाही — तेवढंच बरं.

आधी मायबद्दल सांगायला हवं. आम्ही तुमसरकडच्या. वडील राइस मिलमध्ये पोती उचलायचे. मी चौथीत असताना ते गेले. माय विड्या वळायची. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची आणि वळलेल्या विड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन कारखान्यात पोचवायची — पायी, धानाच्या शेतांमधून, वीतभर रुंदीच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं. विड्या भिजल्या तर त्या दिवसाची मजुरी गेली. माय कधी घसरली नाही. त्या विड्यांवर मी बी. ए. झाले, आमच्या घरातली पहिली. हे मी कधीच विसरले नाही. आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की विसरले असेन.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झाली, नवी ऑफिसं उघडली, आणि शंकर नगरातल्या एका ऑफिसात मला नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं, पिताजी काय करायचे? मी म्हणाले, टीचर थे. का म्हणाले? — तोंडून निघालं. एकदा निघाल्यावर ते सांभाळावं लागलं. ते कडक होते, इंग्रजी त्यांनीच शिकवलं, असं एकेक जोडत गेले.

मग मी मायला इकडे आणलं. घरात आम्ही दोघीच. सुरुवातीचे काही महिने ती खिडकीपाशी बसून असायची. नंतर उजाडता उजाडता बाहेर जाऊ लागली. लुगड्याखाली माझे जुने कॅनव्हासचे बूट. परत यायची ती घामेजून, आणि एकटीच हसत असायची. कुठे गेली होतीस विचारलं की एकच उत्तर — "फिराले गेली होती नं."

दोन-दोन तास कोण फिरतं? मला वाटलं, ही कुणाकडे तरी भांडी घासते. तिला रिकामं बसवत नाही, हे मला ठाऊक होतं. तिच्या हातून चहाचा पेला घेण्याच्या निमित्ताने मी तिच्या हातांचा वास घ्यायची. साबणाचा येतो का? — येत नसे. तरी संशय गेला नाही. उलट वाटायचं, हात धुऊन येत असेल.

एक दिवस ऑफिसात दुबे मॅडम, म्हणजे माझ्या वरिष्ठ, जाता जाता म्हणाल्या, "आपकी माताजी तो कमाल हैं भई! हमारी अम्माजी रोज़ किस्से सुनाती हैं।" आणि हसल्या. कसले किस्से? विचारायची हिंमत झाली नाही. ते हसू मी चार दिवस मनात उलटंपालटं करून पाहिलं. साधं होतं? की त्यात काही होतं?

पाचव्या दिवशी मी मायच्या मागे गेले.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक बगीचा आहे. तिथे दहा-बारा म्हाताऱ्या बायका जमलेल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या एक पीटीच्या बाई — सगळ्या त्यांना दीदी म्हणत — त्यांना चालवत होत्या. फरशीच्या रेघेवर एका पावलाला दुसरं लावून. मग बाकावरून हात न टेकता उठणं. मग एका पायावर उभं राहणं. पाच-सहापर्यंत मोजून होतं न होतं तोच बाकीच्या डुगडुगून पाय टेकवत. माय उभीच. सगळ्या मोठ्याने मोजत होत्या, आणि माय बगळ्यासारखी स्थिर.

"काकी, खाती क्या हो?" कुणीतरी विचारलं.

"खाती कुछ नहीं बाई," माय एका पायावरूनच म्हणाली, "बीड़ी का टोकना मूड़ पे लेके मेड़ पे चलती थी. गिरी तो मजूरी गई. पाँव अपने आप सीख गए."

"तो कल से हम भी टोकना ले आएँ?" दुबे मॅडमच्या सासूबाई — त्याच अम्माजी — म्हणाल्या, आणि सगळ्या खदखदून हसल्या. मायसुद्धा.

मी मेंदीच्या कुंपणामागे उभी. इतकी वर्षं ज्या पायांवर आमचं घर चाललं, त्यांचं कुणीतरी पहिल्यांदाच कौतुक करत होतं. मला ते दिसलं का? दिसलं. पण कानात एकच शब्द राहिला — बीडी. मास्तरांची बायको विड्या वळायची? उद्या हे ऑफिसात पोचणार. की पोचलंच आहे?

थोड्याच दिवसांनी बगीच्यात डॉक्टरांचं शिबिर झालं. म्हाताऱ्या बायकांची हाडं आणि तोल तपासत होते. माय एक कागद घेऊन आली, इंग्रजीत लिहिलेला. ओट्याशी उभी राहून तिने तो माझ्यापुढे धरला. "वाच बरं, काय लिवलं हाये?"

लिहिलं होतं की चाल उत्तम आहे, तोल उत्तम आहे. हाडं थोडी नाजूक झाली आहेत, म्हणून चालणं आणि व्यायाम अजिबात बंद करू नये.

मी तो पूर्ण वाचला. मनात. मग म्हणाले, "हाडं कमजोर आहेत. चालणं बंद करायला सांगितलंय."

झालं. हेच ते.

"काहून? डॉक्टरीण त मले हासून बोलली."

"तोंडावर हसतातच ते. खरं कागदावर लिहितात."

मायने कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लिवलं हाये त खरंच असन." तिने बूट काढून पलंगाखाली सरकवले. कागद मी ऑफिसात नेऊन फाडला.

आठवड्याने दीदी दारात आल्या. मी काही बोलायच्या आत आतून मायचाच आवाज आला, अभिमानाने — "डॉक्टर मना किए हैं दीदी. मेरी बेटी पढ़ी-लिखी है ना, कागज देख के बताई." दीदींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो. त्या कागद मागतील असं वाटलं. त्यांनी मागितला नाही.

त्यानंतर माय बसली. पुन्हा खिडकीपाशी. आधी उठताना गुडघ्यावर हात टेकू लागली. मग भिंतीला. चप्पल घालायला एक पाय उचलला की दाराची चौकट धरू लागली. दीड वर्ष. मी रोज पाहत होते. ज्या दिवशी म्हणाले असते, "माय, मी चुकीचं वाचलं", त्या दिवशी तरी ती उठली असती. म्हणाले नाही. मला वाटायचं, ती विचारेल की मग काय लिहिलं होतं.

एका दुपारी ती न्हाणीच्या उंबऱ्यात पडली. मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी तिला चालवून पाहिलं आणि विचारलं, रोज चालत नव्हता का? माय म्हणाली, "आप ही लोग तो मना किए थे." डॉक्टर म्हणाले, असं कुठला डॉक्टर लिहील? कागद दाखवा. मी म्हणाले, हरवला. मायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादी वस्तू ओळखीची आहे का, हे पाहावं तसं.

डॉक्टरांनी नवा कागद लिहून दिला. घरी मी तो अक्षरन् अक्षर खरा वाचला — रोज चालायचं, आधाराने, थोडं थोडं वाढवत.

"आधीच्यात मना, याच्यात चाल," माय म्हणाली. "कोणता खरा?"

मी म्हणाले, "तेव्हाचं वेगळं होतं."

"बरं," ती म्हणाली.

पंधरा दिवसांनी प्लास्टर दाखवायला गेलो. मी शेजारी उभी होते, तिची पिशवी धरून. मायने पदराची गाठ सोडली, तोच कागद काढला आणि प्लास्टर पाहणाऱ्या नर्सपुढे धरला. "सिस्टर, जरा पढ़ के बताओ, क्या लिखा है."

नर्सने वाचून सांगितलं. रोज चलना है अम्मा, बंद नहीं करना.

"हव," माय म्हणाली. "बेटी भी यही बोली थी." हे ती नर्सकडे पाहत म्हणाली. मग कागदाची घडी घालून पुन्हा पदराला बांधला.

आता ती काठी घेऊन आमच्या गल्लीच्या वळणापर्यंत जाते. बगीच्यापर्यंत पाय नेत नाहीत. औषधाची चिठ्ठी आली की मेडिकलवाल्याकडून वाचून घेते, विजेचं बिल शेजारणीकडून. त्या दिवसानंतर एकही कागद तिने माझ्यापुढे धरलेला नाही. काहून, ते ती बोलली नाही. मीही विचारलेलं नाही.