जेवेपर्यंतचा मुलगा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे पैलवान म्हणायचे. कुस्ती तो जन्मात खेळला नव्हता, देहच तसा होता. एकदा लिफ्टच्या टपावरून उतरताना तो दारात अडकला आणि तिघांनी ओढून बाहेर काढला. आजवर लिफ्ट अडकायची, आज मेकॅनिक अडकला, म्हणून सगळे हसले. तोही हसला. साहेबांनी मात्र त्याला गोदामात बसवलं. वजन उतरलं की परत घेऊ, म्हणाले.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी त्याला उपाशी राहायला सांगितलं नाही. घास घेण्याआधी पोटाला विचारायचं, भूक आहे का, एवढंच. त्याने विचारून पाहिलं, तेव्हा त्याला कळलं की आपल्याला भूक अशी लागतच नाही. आपण खातो ते आईसाठी.

आईला काही आठवेनासं झालं होतं. दिवसभर तिच्याकडे बघणाऱ्या, स्वयंपाक करून ठेवणाऱ्या शेजारच्या काकूंना ती आपली बहीण समजायची. पण तो घरी आला की ताट वाढून समोर बसायची. तो जेवत असे तेवढा वेळ तो तिचा मुलगा असायचा. पुरे म्हटलं की तिची नजर परकी व्हायची. म्हणून तो आणखी वाढून घ्यायचा.

आता तो अर्ध्या ताटावरून उठू लागला. पोट भरलं गं, म्हणून समजूत घालायचा. आधी ती रडायची, पुढे गप्प राहू लागली. वर्षभरात त्याचे शर्ट अंगावर लोंबायला लागले. साहेबांनी पाठ थोपटली, जुनं काम परत दिलं. हे सांगायला तो घाईघाईने घरी आला, तर आई अंग चोरून काकूंच्या मागे उभी.

"हा माणूस रोज का येतो गं?" तिने काकूंना विचारलं. "माझा मुलगा कुठाय?"

"आई, मीच तो."

"माझा मुलगा चांगला अंगाने भरलेला आहे."

त्याने स्वतःच ताट वाढून घेतलं आणि जेवायला बसला. पोटाला काही विचारलं नाही. मग रोजच तसं चाललं. वजन परत आलं, गुडघे धरले, पुन्हा गोदाम नशिबी आलं. बाईंकडे जायचं त्याने सोडून दिलं. त्यांना सांगणार तरी काय?

आईला मात्र मुलगा सापडला नाही. ती अजून वाढते, पण परक्या माणसाला वाढावं तसं.

"घरी तुमची वाट बघत असतील," ती म्हणते. "पण जेवून जा. संकोच करू नका."

तो मान खाली घालून जेवत राहतो.