फक्त दोन थेंब

किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप एकावर एक बसत जातात आणि नंतर कितीही धुतले तरी निघत नाहीत. माझ्याकडे असा जो जाड थर साचलाय, त्याला जबाबदार आहे केसांना लावायचं सीरम!

तेव्हा मी नाशकात पार्लरना माल पुरवायचो. नव्वदच्या दशकात स्कूटरवरून मेंदी आणि शिकेकाई नेली. दोन हजार साल उलटलं आणि डिकीत सिलिकॉनचं सीरम आलं. गंगापूर रोडला शैलाताईंचं पार्लर होतं, बिल्डिंगच्या गॅरेजमध्ये. आयब्रो करून करून त्या कंटाळल्या होत्या. त्यांना नवऱ्या सजवायच्या होत्या. "एकदा दिंडोरीकडच्या बागायतदाराचं लग्न मिळू दे, मग बघा!" हे वाक्य मी दर खेपेला चहाबरोबर घ्यायचो.

*

पहिली बाटली देताना मी बजावलं होतं, "ताई, फक्त दोन थेंब."

"दोन थेंब? डोक्याला लावायचंय की डोळ्यांत घालायचंय?"

खोबरेल ओतायचा हात तो! त्यांनी तळव्याची वाटी केली, काठोकाठ भरली आणि समोर बसलेल्या जोशीबाईंच्या डोक्यावर उलटी केली. जोशीबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, केस पांढरेशुभ्र. ते असे काही चमकायला लागले की तेवढ्यात लाइट गेली, तरी शैलाताईंचं काम थांबलं नाही. जोशीबाईंना खिडकीशी बसवलं आणि पुढच्या दोघींच्या आयब्रो त्यांच्या उजेडात उरकल्या!

खोटं वाटत असेल तर त्या दोघींच्या भुवया बघा. अजून सरळ आहेत.

*

एकदा बाटली फरशीवर सांडली. पुसली, पावडर टाकून घासली. उपयोग शून्य! सिलिकॉन पाण्याला दाद देत नाही. शैलाताईंचे मिस्टर घराची किल्ली मागायला दारातून आत शिरले, ते एकही पाऊल न टाकता थेट मागच्या बेसिनपाशी पोचले. आठवडाभर गिऱ्हाइकं भिंत धरून ये-जा करत होती.

समोरच्या किराणावाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आत बायकांना नक्की पाजतात काय हो?"

*

मग एका रविवारी जोशीबाईंनी पहिल्यांदाच केस रंगवायचं मनावर घेतलं. लोखंडी कढईत भिजवलेली मेंदी, चार तास डोक्यावर, वरून प्लॅस्टिकची पिशवी. त्या रविवारी धुतल्यावर कान केशरी, मान केशरी, कपाळ केशरी. केस मात्र होते तसे पांढरे.

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई तडक पार्लरमध्ये. "शैला, केस सोडून अख्खी जोशीबाई रंगली!"

मी दाराकडे सरकत होतो, तर त्यांनी मलाच उभं केलं. "केसांना रेनकोट घातलाय तुम्ही. आत पाणी जात नाही, मेंदी जात नाही. वर रोज नवा रेनकोट, आणि जुना काढायचा नाही. केस आतून कोरडे ते कोरडेच आणि वरून ओझं! काय कळलं?"

"हो बाई."

"हो काय? काय कळलं ते सांगा."

"दोन थेंब, बाई."

*

पार्लरच्या दाराशी मखमलाबादच्या हिराबाई बसायच्या, स्वतःच्या मळ्यातल्या मोगऱ्याचे गजरे घेऊन. एक दिवस त्या उठून आत आल्या.

"ताई, तुमच्याकडनं बाई निघती, माझा गजरा घेती, माळती, आन् कोपरा येस्तवर गजरा खाली! केसावर ठरतच नाय."

शैलाताई कसनुशा झाल्या. "माफ करा हो हिराबाई. मी ती बाटली बंदच करते."

"बंद? आवो, सकाळधरनं मी एकच गजरा तीनदा इकला. बाटली संपू देऊ नका!"

*

आणि मग दिंडोरी आली. द्राक्षबागायतदारांच्या ताराकाकू, मुलीला घेऊन. मुलीला व्हिडिओत चमक हवी होती, म्हणून महिनाभर आधीपासून दर आठवड्याला सीरम.

लग्नाच्या सकाळी शैलाताईंनी बाटलीला हातही लावला नाही. उलट दोनदा शाम्पू केला. पण आधीचे थर कुठे जातात? अंबाडा घातला, घसरला. पुन्हा घातला, पिना सटकल्या. जाळी लावली, ती अंबाड्यासकट मानेवर उतरली. बाहेर भटजींची हाक आली.

ताईंची पेटी धरून मी मांडवातच होतो. अंतरपाट धरला, तशा शैलाताई नवरीच्या मागे उभ्या राहिल्या आणि उजवा हात अंबाड्यावर ठेवला. मंगलाष्टकं संपली, हात तिथेच. सप्तपदीला नवरा पुढे, मागे नवरी, तिच्यामागे शैलाताई. सात पावलं त्याही चालल्या! पंगतीत नवरीने नवऱ्याला घास भरवला, तेव्हा मागे उभ्या शैलाताई डाव्या हाताने मठ्ठा पीत होत्या. व्हिडिओवाल्याने तीनदा सांगितलं, "ताई, फ्रेममधून जरा सरका." त्या हलल्या नाहीत.

निघताना ताराकाकूंनी ओटी भरली, तीही दुसरीकडे बघत. परतीच्या वाटेवर स्कूटरच्या मागच्या सीटवरून एकच वाक्य आलं, "गेली दिंडोरी." उरलेल्या बाटल्या मी परत नेल्या.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर पार्लरसमोर जीप थांबली. ताराकाकूंच्या दोन जावा आत आल्या. लग्नाची ती कॅसेट म्हणे अख्ख्या भावकीने पाहिली होती. शैलाताईंचा चेहरा उतरला.

"ताराबाईच्या पोरीचं लय चांगलं चाललंय," थोरली म्हणाली. "सासू तर देवमाणूस निघाली. आता आमच्या बी पोरीचं जमलंय."

शैलाताई चाचरल्या. "मग... मेकअप कसा करायचा?"

"मेकअप ऱ्हाऊ द्या. त्यो गावातली पोरगी करती. तुमी फकस्त हात ठेवायला या!"