साळवेकाका आणि आम्हा दोघींची शाळा

कुणी लेख वाचून दाखवला की साळवेकाका चष्मा कपाळावर सरकवत आणि एकच विचारत, "हे सोता बघितलं का कुठं वाचलं?" या प्रश्नाला भलेभले चाचरत. काका श्रीरामपूरचे. रान, नद्या, किल्ले यांवरचं एक मासिक ते चालवत. वर्षातून दोनदा अशा विषयांवर लिहिणाऱ्यांचा, फोटो काढणाऱ्यांचा, छापणाऱ्यांचा मेळावा कुठंतरी उघड्यावर भरवत.

मी पहिल्यांदा गेले ती कोपरगावला, गोदाकाठी. सोबत माझी मुलगी रेणू होती. रेणू बोलताना अडखळते. वर्गातली मुलं तिची नक्कल करायची, म्हणून चौथीनंतर मी तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवू लागले. मी जाईन तिथं ती, असा आमचा शिरस्ता होता.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः लिहिलेलं नदीवरच्या पहाटेचं वर्णन वाचून दाखवलं. सोनेरी किरणं, धुक्याची दुलई, सगळं होतं त्यात. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात रेणू त्यांच्या कानाशी लागली. काका हसत म्हणाले, "ही म्हणती, तुमी उठला तवा ऊन डोक्यावर आलं हुतं." सगळा घोळका हसला. मग त्यांनी आम्हा दोघींना नदीवर पिटाळलं आणि दिसेल तेवढंच लिहायला लावलं. मला उपमा सुचत होत्या. रेणूला ऊसगाडीचे बैल पाणी पिताना दिसले, आणि गाडीखालच्या झोळीत झोपलेलं बाळ दिसलं. काकांनी एकाच पेन्सिलीनं दोघींचं लिखाण तपासलं. खुणा माझ्याच जास्त होत्या.

त्यानंतर आम्ही एकही मेळावा चुकवला नाही. नातेवाईक म्हणत, पोरीला रानोमाळ हिंडवून काय मिळणार? मलाही रात्री झोप लागत नसे. काकांना विचारलं, तर म्हणत, "शिकतीय ना ती? मग तू बी शीक."

खर्ड्याच्या किल्ल्यापाशी भरलेल्या मेळाव्यात रेणू पहिल्यांदा वाचायला उभी राहिली. ऐन उन्हाळ्यात पोट भिजवून येऊन अंड्यांवर सावली धरणाऱ्या टिटवीवर तिनं लिहिलं होतं. पहिलाच शब्द 'टिटवी'. तो काही केल्या निघेना. मान ताठ झाली, डोळे भरले. तिच्या हातून कागद घ्यायला मी उठले, तोच काका म्हणाले, "खाली बस, पोरी. वाक्य तिचं हाय."

मी बसले. चाळीसेक माणसं गप्प होती. कुणी घसा खाकरला नाही, कुणी तिला शब्द पुरवला नाही. शेवटी तो शब्द निघाला, मागोमाग दुसरा, आणि तिनं अख्खं पान वाचलं. काकांनी तिलाही तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "ब-बघितलं." पुढच्या अंकात तो लेख छापून आला.

परतताना मी काकांवर चिडले होते. लेकराचे एवढे हाल कशाला, असं बोलूनही गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिला बोलाया येळ लागतो, एवढंच. तुला थांबाया जमत न्हाई."

गेल्या नाताळात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मी उत्साहानं रेणूच्या आठवीचे बेत सांगत होते: कोणती पुस्तकं आणणार, कुठं कुठं हिंडणार. त्यांनी मध्येच विचारलं, "तिला इचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.

रेणू गोधडीचा काठ चिवडत बसली होती. काठ सोडून म्हणाली, "मला श-शाळेत जायचंय."

"का गं? घरी काही कमी पडतं का?"

"क-कमी नाही. मैत्रिणी नाहीत."

माझा चेहरा पाहून काकांना हसू आलं. हसता हसता खोकला आला. मी पाणी पाजलं, तसे ते म्हणाले, "रडू नगं. तिची शाळा भरतीय, तुझी सुटली. बरी शिकलीस तू."

ईस्टरच्या आधीच ते गेले. रेणू शाळेत जाऊ लागल्याचं त्यांना सांगायचं राहून गेलं.

जूनमध्ये ती एकटीच एसटीनं शाळेत गेली. संध्याकाळी आली ती दप्तरही न उतरवता सांगत सुटली. बाकावर शेजारी कोण बसलं, कोण हसलं, कोण नाही हसलं. एकेका शब्दाला वेळ लागत होता. गॅसवर चहा उतू गेला, तरी मी जागची हलले नाही.