रेकॉर्ड संपल्यावरचं गाणं

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की चपला घालून घरी निघणारा माणूस मी. हायस्कुलात गणित शिकवतो. या सदरातले अनुभव वाचून दाखवणाऱ्या आमच्या सहशिक्षकांची मी यथेच्छ टिंगल केली आहे. आता मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ते हसणार... हसू देत.

जागा — कोल्हापूर, मंगळवार पेठ, भाड्याच्या दोन खोल्या. साल — संस्थान विलीन झालं ते. घरात तिघं. माझा थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि मी.

अण्णा लढाईत इराकात बसऱ्याला होता, मिलिटरीच्या सप्लायमध्ये कारकून. परतताना एक फोनो आणि एक अरबी रेकॉर्ड घेऊन आला. जुन्या अरबी कवितेचं गाणं आहे, एवढं त्यानं पहिल्या दिवशी सांगितलं. गाणारी कुणी बाई होती. पुढं त्याचं बोलणं कमी होत गेलं, आणि वर्षभरात तो पार मुका झाला. तिकडं काय घडलं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. डॉक्टर झाले, वहिनीचे देवही झाले. मग जेवण सुटलं. फक्त ती रेकॉर्ड लागली की तोंड उघडायचा. मी किल्ली द्यायचो, वहिनी ताट घेऊन बसायची आणि गाणं चालू असेतो घास भरवायची.

रेकॉर्डची एकच बाजू वाजायची. दुसरी प्रवासातच घासून गेली होती, तिच्यावर नुसती खरखर. गाणं त्या बाजूला पुढं जात असणार, कारण या बाजूला ते मध्येच तुटायचं. तुटलं की अण्णाचं तोंड मिटायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी आली. वहिनीनं ती पुसली आणि उघडीप बघून उन्हात ठेवली. आपल्याकडं सादळलेलं सगळंच उन्हात जातं — गाद्या, डाळी, पापड. तिचं काय चुकलं? दुपारी बघतो तर रेकॉर्ड भाजल्या पापडासारखी वळलेली. तशीच दुसरी मिळते का बघायला ती देऊन एका ओळखीच्याला मुंबईला धाडलं, तो हात हलवत परत आला. तोवर अण्णाच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

वहिनी म्हणाली, “भावजी, तुमी गाणं शिकताय न्हवं? मग म्हणा की ते.”

मी तेव्हा बुवांकडं ख्याल शिकत होतो. रेडिओवर गायचं, हे माझं एकमेव स्वप्न. शेकडो वेळा ऐकलेलं गाणं, अवघड काय, असं वाटलं. पण भाषा ठाऊक नाही, शब्द कुठं संपतो ते कळत नाही, आणि काही अक्षरं तर घशाच्या इतक्या खालून येतात की पहिल्या दिवशी मला उलटी झाली. गुरू एकच — अण्णाचं तोंड. बरोबर आलं की उघडायचं, चुकलं की मिटायचं. एका जागी तर ते हमखास मिटायचं आणि तो भिंतीकडं वळायचा. तिथं मी नेटानं कोमल गंधार लावत होतो.

बुवांना ती जागा गाऊन दाखवली, रेकॉर्डमध्ये लागायची तशी, अंदाजानं. त्यांनी ती पुन्हा म्हणायला लावली.

“हा कोमल न्हाय, शुद्धबी न्हाय. आपल्यात ह्याला जागा न्हाय, बाळ. गळा नासवून घेशील.”

“भाऊ उपाशी आहे, बुवा.”

“मग तंबोरा खाली ठेव. त्यातनं शुद्ध गंधार आपोआप बोलतोय, त्यो तुला सोडायचा न्हाय.”

तंबोऱ्याशिवाय गायचं म्हणजे काठ सोडून पोहायचं. पण एका सकाळी तो स्वर लागला. अण्णा वळला, त्यानं तोंड उघडलं आणि वहिनीनं रडत रडत घास भरवला. श्रावणापासून दिवाळीपर्यंत मी रोज दोन वेळा गायलो. माझा स्वतःचा गंधार मात्र गेला, तो आजपर्यंत परत आलेला नाही. बुवांनी शिकवणी थांबवली. मला फार वाईट वाटलं, पण भाऊ जगत होता.

दिवाळीनंतरची दुपार. वहिनी घास कालवत होती, मी गात होतो. रेकॉर्ड जिथं तुटायची तिथं आलो... आणि थांबलो नाही. थांबताच येईना. गळ्यातून पुढचं येत होतं — कधी न ऐकलेले शब्द, न ऐकलेल्या जागा. आणि अण्णा उठून बसला आणि माझ्याबरोबर गाऊ लागला. मुका झालेला माणूस! शब्दाला शब्द, जागेला जागा. नंतर मी मनाची समजूत घातली, की त्याला येत होतं आणि मीच त्याच्या मागून म्हणत असेन. पण वहिनी सांगते, “न्हाय भावजी. आदी तुमी. त्ये मागनं.”

गाणं पुरं झालं. वहिनीच्या हातातला घास तसाच होता, ताटाला कुणी शिवलं नव्हतं. अण्णा तिच्याकडं बघून स्वच्छ बोलला, “बास की आता. पोट भरलं.”

तो आडवा झाला. चहाच्या वेळी वहिनीनं हाक मारली, तर अंग गार पडलेलं. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.

दहाव्याला पंचगंगेवर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर ढीगभर बसलेले, एक खाली येईना. वहिनीला जन्मभर सांभाळीन, असं मी मोठ्यानं बोललो. भावकीनंही काय काय कबूल केलं. शेवटी वहिनी पुढं झाली. “भावजी, त्यास्नी त्ये पुढचं पायजे. म्हणा.”

भर घाटावर, सगळ्यांदेखत, मी गायलो. रेकॉर्ड तुटायची तिथपर्यंत नीट आलं. पुढं तोंड उघडं आणि आत काही नाही. तीनदा पहिल्यापासून धरलं. वहिनी पिंडाजवळ उभी राहून माझ्या तोंडाकडं बघत होती. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला.

त्या दुपारी ते माझ्या गळ्यात कुठून आलं आणि दहाव्याला कुठं गेलं? कुणाला ठाऊक असेल तर कळवा. आज इतक्या वर्षांनीही पितृपक्षात वहिनी पान वाढते आणि मला हाक मारते. मी गाणं तुटायचं तिथपर्यंत म्हणतो. मग ती थोडा वेळ थांबते, आणि पान उचलून गायीला घालते.